न उडालेली केप

सुकाचा उजवा हात गेला त्या सकाळी खदानीत सगळ्यांनाच घाई होती. क्रशरपाशी डंपरची रांग लागली होती. कुठं नवी रेल्वे, कुठं आठपदरी रस्ता, कुठं बंदर; सगळ्यांना खडी हवी होती आणि ती पालघरच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून निघत होती. खदानीचा मालक धर्मेश शेठ एरवी ऑफिसच्या कंटेनरमधून बाहेर पडायचा नाही. त्या दिवशी तो बूट चिखलात घालून खाली उतरला होता.

आदल्या संध्याकाळी सुरुंगाचे बार उडवले होते. बार उडाले की ब्लास्टरनं आधी एकट्यानं आत जायचं, कडा तपासायचा, दारू भरलेली भोकं बघायची, एखादा बार न उडता राहिला असेल तर तिथं लाल झेंडी रोवायची आणि मगच बाकीच्यांना सोडायचं, असा नियम. ब्लास्टर होता प्रदीप. त्यानं कड्यात कापलेल्या वरच्या धक्क्यावरूनच खाली नजर टाकली.

"अरे, पूजा करतोस काय त्याची?" शेठ ओरडला. "गाड्या उभ्या आहेत."

प्रदीपनं शिट्टी फुंकली आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या बहिणीच्या नवऱ्याला हाक दिली, "जा भावजी, बघितलाय मी. साफ हाय."

सुका ड्रिल घेऊन पुढं गेला. कड्याच्या पायथ्याशी कालच्या एका भोकाचा बुडखा शिल्लक होता. जुन्या भोकात ड्रिल घालायची नसते, हेही नियमात होतं. पण तयार भोक मिळालं की तेवढा खडक कमी फोडावा लागतो, म्हणून सगळेच घालत आणि मुकादम दुसरीकडं बघत असे. त्या बुडख्याच्या तळाशी थोडी दारू आणि ती उडवण्यासाठी तिच्यात खोचलेली एक केप तशीच राहिली होती. ड्रिलचं टोक तिच्यावर बसलं.

सुकाची बायको मंगळी तेव्हा क्रशरजवळ बायकांबरोबर दगड निवडत होती. आवाज नेहमीच्या बारापेक्षा लहान होता, म्हणून पहिल्यांदा कुणी मान वर केली नाही. मग खालून माणसं पळत आली. ती धावत गेली तेव्हा सुका बसलेला होता. झोपलेलासुद्धा नाही, बसलेला, आणि डाव्या हातानं जमिनीवर काहीतरी चाचपत होता.

"काय शोधतंस?" तिनं विचारलं. नंतर कित्येक दिवस तिला स्वतःच्या त्या प्रश्नाची लाज वाटत राहिली.

"ड्रिल," तो म्हणाला. "ड्रिल कुठं पडली?"

उजवा हात मनगटापासून नव्हता. उजवा डोळाही गेला होता, ते दवाखान्यात कळलं.

*

प्रदीप मंगळीचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून त्याला मंगळीनंच वाढवलं होतं. पाड्यातला बारावी झालेला पहिला पोरगा तो. खदानीत लागला, तिथं त्याला पुढं शिकायला पाठवलं, परीक्षा देऊन त्यानं ब्लास्टरचा परवाना आणला, तेव्हा पाड्यानं त्याला खांद्यावर घेऊन तारपा वाजवला होता. सुकाला खदानीत त्यानंच चिकटवलं. त्याआधी सुका आणि मंगळी भाताची कापणी झाली की वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. घराजवळ बारमाही काम मिळालं, याचं मंगळीला किती अप्रूप होतं!

परवाना आणला त्या दिवशी प्रदीप ओट्यावर बसून सगळ्यांना समजावत होता. करंगळीपेक्षा बारीक, चकचकीत नळी असते. पुस्तकात तिला डिटोनेटर म्हणतात, खदानीत केप. बार भरायची दारू हल्ली अशी निघाली आहे की टेम्पोतून आणा, उतरवा, हाताळा, ती शांत असते. तिला उठवायला आधी तिच्या पोटात काहीतरी छोटं फुटावं लागतं. ते छोटं म्हणजे केप.

"म्हंजे रेडा झोपलाय आनि कानात मुंगी सोडायची," सुका म्हणाला, आणि सगळे हसले.

"आमच्या वर्गात सर बोल्ले," प्रदीप म्हणाला, "दीडशे वर्सांमागं बाहेरच्या देशात एका साहेबानं ही केप काढली. तवापासून बोगदे झाले, धरनं झाली, खानी झाल्या. लढायापन झाल्या. ही नसती तर डोंगर कुनी फोडलाच नसता."

मंगळीचा बाप तेव्हा जिवंत होता. तरुणपणी तो धरणाच्या कामावर बाराला वात लावायचा. तो म्हणाला, "आमच्या टायमाला वात होती. एकेक पेटवत जायाची आनि पळायचं. जो पेटवील तोच सगळ्यांत जवळ. म्हनून तो डोळ्यात तेल घालून बघायचा."

"आता पळावं लागत नाय, बाबा. आता लांबून बटन."

"मंग जवळ कोन असतो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

प्रदीपला प्रश्न कळला नाही. तो पुढं नळीच्या केपा, तारेच्या केपा, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या केपा असं काय काय सांगत राहिला. मंगळी त्याच्याकडं बघत होती. एवढं सगळं याच्या डोक्यात राहतं तरी कसं, असं तिला वाटत होतं.

*

सुका शुद्धीवर आला तेव्हा खाटेशेजारी हवालदार बसला होता. मंगळीला वाटलं, जबाब घ्यायला आला असेल, अपघात झाल्यावर घेतात तसा. पण हवालदारानं आधीच सगळं ठरवून आणलं होतं.

"किती केपा घेतल्या होत्यास?"

सुकाला कळेना. "मी ड्रिलवाला हाय, साहेब. केपा माझ्या हातात नसतात."

"हातातच फुटली ना?" हवालदार म्हणाला. "नदीत मासे मारायला नेत होतास. तुमच्यातले बरेच करतात ते. तुमच्या ब्लास्टरनं लिहून दिलंय की दोन केपा कमी भरल्या, आणि तुला त्यानं पेटीपाशी बघितलं होतं."

"कुन्या ब्लास्टरनं?" मंगळीनं विचारलं. त्या खदानीत ब्लास्टर एकच होता, हे माहीत असूनही तिनं विचारलं.

हवालदारानं नाव सांगितलं.

पट्टी बांधलेला चेहरा सुकानं भिंतीकडं वळवला. मंगळी उठली, दवाखान्याच्या बाहेर आली, समोरच्या टपरीवरून चहा घेतला आणि तो न पिताच तिथं ठेवून थेट मनोरच्या गाडीत बसली.

पाड्यावर प्रदीपच्या घरी त्याची बायको स्वाती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मंगळीला बघून ती लगबगीनं आत गेली. प्रदीप बाहेर आला तो खाली मान घालूनच.

"तू लिवून दिलास?"

"बाय, बस आधी."

"लिवून दिलास का?"

"शेठनं लिवलेला कागद होता. मी सही केली." तो ओट्यावर टेकला. "मी दुसरं काय करू? भोकं मी बघायला पायजे होती. मी बघितली नाय. खरं सांगितलं तर माझा परवाना जातो, वर जेल. शेठ बोल्ला, सुकाला काय व्हायचं नाय, गरीब मानूस हाय, हात गेलाय, कोर्ट सोडून देतं अशांना. केस चार दिवसांत मिटंल. माझं सगळं उलटं होईल, बाय. पोरं लहान हायत."

"आनि माझी?"

त्यानं अंगणातल्या मिरच्यांकडं नजर वळवली.

"तू त्याला हाक मारून आत पाठवलास," मंगळी म्हणाली. "साफ हाय बोल्लास. मी क्रशरवरून आयकलं."

"सगळ्यांनी आयकलं," प्रदीप म्हणाला. "पन कोन सांगनार हाय?"

ते खरं होतं. मंगळी पाड्यावर घरोघर गेली. ड्रिलवाले, दगड निवडणाऱ्या बायका, डंपरवर चढणारे, सगळ्यांनी तिला पाणी दिलं, बसायला दिलं, सुकाची चौकशी केली. साक्षीचं नाव काढलं की कुणाला तरी बाजारात जायचं असायचं. एका म्हातारीनं तेवढं स्पष्ट सांगितलं, "तुझा भाऊच बोलत नाय, तर आमच्या पोरांनी का बोलावं?"

*

पालघरच्या कोर्टात गरिबांसाठी फुकट वकील देतात, हे तिला दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं. मिळालेल्या वकीलबाईंचं नाव हिना. वय लहान, बोलणं भरभर, पण ऐकून घ्यायच्या. मंगळीनं त्यांना त्या बुडख्याचं सांगितलं. त्या कड्याला अजून कुणी हात लावलेला नव्हता. अपघात झाल्यापासून तो धक्का बंद होता आणि दुसऱ्या बाजूनं काम चाललं होतं. जुन्या भोकात नवी ड्रिल गेलेली कुणालाही तिथं दिसली असती. फुटलेल्या खडकाची काळी खूणसुद्धा तशीच होती.

"मग हेच हवंय आपल्याला," हिना मॅडम म्हणाल्या. त्यांनी खदानींच्या तपासणी खात्याला अर्ज केला. पाठपुरावा केला. शेवटी साहेब येणार असा निरोप आला आणि त्या दिवशी त्यांनी मंगळीलाही तिथं थांबायला सांगितलं.

तपासणीचा साहेब दुपारी आला. सरळ माणूस वाटला. हेल्मेट घातलं, पाण्याची बाटली घेतली, मंगळीला म्हणाला, "दाखवा, मावशी, कुठं झालं ते."

मंगळी पुढं चालू लागली. वळणावरून खाली बघितलं आणि थांबली. तिथं कडा नव्हताच. जिथं सुका बसला होता तिथपासून वरच्या झुडपांपर्यंत सगळी भिंत खाली आली होती. ताजा, राखाडी, धुरकट वास असलेला दगडांचा ढीग. दोन पोकलेन तो उपसत होते.

"हे कधी केलं?" साहेबानं विचारलं.

"आज सकाळी, साहेब," धर्मेश शेठ अदबीनं म्हणाला. "कडा सैल झाला होता. परत कुणाच्या अंगावर आला असता. कामगारांच्या जिवापुढं काही नाही ना."

प्रदीप थोडा बाजूला उभा होता. अंगात पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी.

मंगळी सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर गेली. "तू उडवलास?"

त्यानं शेठकडं बघितलं, साहेबाकडं बघितलं. "रोजचंच काम हाय, बाय," तो म्हणाला.

साहेब ढिगाऱ्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "इथं आता मी काय तपासू?" तो म्हणाला, आणि ते कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. जाताना त्यानं मंगळीला सांगितलं की तो कडा तपासणीआधी उडवल्याचा शेरा नक्की मारेल. त्या शेऱ्याचं पुढं काय झालं ते तिला कधी समजलं नाही.

*

तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला पाड्यावरून निघायचं, कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. सुका एका डोळ्यानं जमिनीकडं बघत बसे. डाव्या हातानं जेवायला तो शिकला होता. पण कुणासमोर जेवायचा नाही, म्हणून व्हरांड्यात उपाशीच राहायचा.

मग एका तारखेला हिना मॅडमनी दोघांना बाजूला घेतलं. त्यांचा चेहराच सांगत होता की त्यांना बोलायचं नाही, पण बोलावं लागतंय. केस लढवली तर अजून वर्षं जातील. साक्षीदार नाहीत, जागा राहिली नाही. कलमं मात्र त्यातल्या त्यात हलकी लागली आहेत. सुकानं गुन्हा कबूल केला, तर त्याची अवस्था बघून कोर्ट थोडक्यात सोडेल.

"आनि भरपाई?" मंगळीनं विचारलं.

"चोरी करताना झालेल्या अपघाताची भरपाई मिळत नाही."

"मंग कबूल नाय करायचा."

"करायचा," सुका म्हणाला.

मंगळी त्याच्याकडं बघतच राहिली. इतक्या महिन्यांत त्यानं या बाबतीत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

"तू चोर नायस."

"नाय," सुका म्हणाला. "पन मी दमलो, मंगळी. इथं येऊन बसलो की परत परत त्याच दगडापाशी बसल्यासारखं वाटतं. मना उठायचंय."

न्यायाधीशांनी विचारलं, समजून-उमजून कबूल करतोस का? तो म्हणाला, "हां साहेब." दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. म्हणजे त्यानं फक्त तिथं मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसायचं. ते त्याला जमण्यासारखं होतं. आपल्यानंतरच्या माणसांच्या केसेस ऐकत तो बसला. बाजूच्या शिपायानं त्याला एकदा विचारलं, "बॉम्बवाला तूच का?"

*

पाड्यावर राहणं अवघड झालं. तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण पोरं खेळताना एकमेकांना "सुका चोर" म्हणायची. मंगळीनं बोईसरजवळ सरावलीत खोली घेतली. रांगेत दहा-बारा खोल्या, मधे एक नळ, शेजारी बिहारचे, ओडिशाचे कामगार. तारापूरच्या एका औषध कंपनीत तिला खोकी भरायचं काम मिळालं. सकाळी कंपनीची बस नाक्यावर यायची. मुलीला तिथल्या शाळेत घातलं, धाकट्यालाही.

सुकाला वाटत होतं, वॉचमनचं काम तरी मिळेल. एक हात असला, एक डोळा असला, तरी गेटवर बसता येतं. एका कंपनीत सुपरवायझर तयारही झाला. म्हणाला, भला माणूस दिसतोस, फक्त पोलिसांकडचं चारित्र्याचं प्रमाणपत्र आण. सुका गेला. पोलीस ठाण्यातून हात हलवत परत आला. केमिकल कंपनीच्या गेटवर स्फोटकांच्या केसमधला माणूस कोण ठेवणार? सुटण्यासाठी म्हटलेलं ते एक "हां साहेब" त्याच्याआधी सगळीकडं पोचलेलं असायचं.

मग तो बोईसर स्टेशनच्या बाहेर बसू लागला. पावसाळ्यात शेवळं, कोरळ, अळंबी अशा रानभाज्या. उन्हाळ्यात करवंदं, ताडगोळे. माल पाड्याकडून एक बाई आणून द्यायची. डाव्या हातानं तो जुड्या मांडायचा. दोरी दातात धरून बांधायचा. गिऱ्हाईक दया येऊन जास्त घासाघीस करत नसे, आणि त्याला नेमका त्याचाच राग यायचा.

प्रदीपचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. भावाला मूठभर पोहे घालायची म्हणून मंगळी दर दिवाळीला माहेरी जायची, ते तिनं बंद केलं. स्वातीनं एकदा नवीन तांदूळ पाठवले होते. ते तिनं आणणाऱ्याच्याच हाती परत पाठवले.

*

एका रविवारी दुपारी जेवणं होत असताना दारात सावली पडली. प्रदीप होता. मंगळीला आधी ओळखूच आला नाही, इतका उतरला होता. सुकाला बघून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

मुलीनं मामाला बघून आईकडं बघितलं. मंगळीनं तिला धाकट्याला घेऊन नळावर जायला सांगितलं.

"काय काम हाय?"

"लहानू गेला," प्रदीप म्हणाला.

लहानू त्यांच्याच पाड्यातला. सुकाच्या जागी त्याला ड्रिलवर घेतलं होतं. लग्नात सुकाच्या वरातीत तो सगळ्यांत पुढं नाचला होता.

"कसा?" सुकानं विचारलं.

"तसाच. जुन्या भोकात." प्रदीप तिथंच पायरीवर बसला. "मी या वेळी बघितलेलं, भावजी. शपथ. झेंडीपन लावली. शेठनं मुकादमाला सांगून ती काढली. मी जेवायला गेलो तवा. जागच्या जागी गेला तो."

शेजारच्या खोलीत कुणीतरी मोबाइलवर भोजपुरी गाणं लावलं होतं.

"आनि आता?" मंगळी म्हणाली.

"आता शेठनं कागद आनलाय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "लहानूनं केपा चोरल्या. मी त्याला पेटीपाशी बघितला. उद्या सही करायची. लहानूची रखमा दारात बसलीय, पोटाशी पोर घेऊन. माझ्याकडं बघते नुसती. बोलत नाय. तिला म्हायती हाय मी काय करनार ते."

"मंग इथं कशाला आलास?"

"तुला विचारायला. काय करू, बाय?"

मंगळीला हसू आलं. वाईट हसू. लहानपणी तो असाच यायचा, शाळेत मारामारी केली की. "दोन वर्सं मी तुझ्या तोंडाकडं बघत होते," ती म्हणाली. "तवा तुला विचारावंसं वाटलं नाय."

"तवा भावजी वाचले होते," प्रदीप म्हणाला. "मना वाटलं, जिता हाय म्हंजे निभेल."

सुका उठला. ताटातला हात तसाच खरकटा. तो दारापर्यंत आला आणि आपलं मनगटाचं थोटूक प्रदीपच्या समोर धरलं. मारेल असं मंगळीला वाटलं. त्यानं मारलं नाही.

"ह्या हातानं मी तुझ्या लग्नाचा मांडव घातला," तो म्हणाला. "जा. खरं सांग जाऊन. रखमासाठी सांग. माझ्यासाठी नको सांगू, मना त्याचा उपयोग नाय आता."

त्याच दुपारी मंगळी भावाला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिला भरवसा नव्हता. रिक्षात ती त्याच्या बाजूला अशी बसली होती की तो उतरून पळाला असता तर तिच्यावरून जावं लागलं असतं. वाटेत तिनं हिना मॅडमना फोन करून बोलावून घेतलं. प्रदीपनं सगळं सांगितलं. झेंडी, मुकादम, शेठचा कागद. मग कुणी न विचारता सुकाचंही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज एकदाही अडला नाही. जणू पाठच केलेलं होतं.

लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यानं शेवटी पेन खाली ठेवलं. "ब्लास्टर तूच ना? परवाना तुझ्या नावावर?"

"हां."

"माणसं आत सोडायची जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"मग बस इथंच," अधिकारी म्हणाला.

*

धर्मेश शेठला बोलावलं, तेव्हा तो दोन वकील घेऊन आला. त्याचं म्हणणं साधं होतं. तो व्यापारी माणूस, त्याला केपांतलं काय कळतं? म्हणून तर सरकारी परवान्याचा माणूस ठेवला होता. त्या माणसानं हलगर्जी केली, आधीही केली होती, खोटी सही करून लपवली होती, आणि हे सगळं तो स्वतःच्या तोंडानं सांगतोय. झेंडी? कसली झेंडी? मुकादम गावी निघून गेला होता.

शेठला जामीन मिळाला. प्रदीपला मिळाला नाही. खदानीला सील लागलं, पावसाळाभर राहिलं. नंतर दुसऱ्या नावाची पाटी लागली आणि क्रशर सुरू झाला. नवा ब्लास्टर बाहेरच्या राज्यातून आणला होता.

लहानूला चोर कुणी ठरवलं नाही, एवढं झालं. रखमाला भरपाई मिळेल असं हिना मॅडम म्हणत होत्या. रखमा अजून वाट बघते आहे. सुकाच्या केसचं मंगळीनं विचारलं, तेव्हा मॅडमनी बराच वेळ कागद चाळले. "त्यानं स्वतः कबूल केलंय, मंगळीताई. वरच्या कोर्टात जाता येईल. पण तिथं पुन्हा पहिल्यापासून..."

"नको," सुका म्हणाला. "मी नाय जानार."

स्वाती एकदा सरावलीला आली. बसली नाही, उभ्याउभ्या बोलली. "तुमी त्याला ठान्यात नेला. बहीन म्हनवता."

मंगळीकडं द्यायला उत्तर होतं. ती बोलली असती तर स्वातीला घाव बसला असता. पण स्वातीच्या पायात चप्पल नव्हती आणि ती पाड्यावरून मनोरपर्यंत चालत आली असणार, हे तिला दिसलं. "पानी घे," एवढंच ती म्हणाली. स्वातीनं घेतलं नाही.

तरी तुरुंगात भेटायला मंगळी स्वातीबरोबर गेली. स्वातीला एकटीला गाड्या बदलून जायचं समजत नव्हतं, म्हणून. जाळीपलीकडं प्रदीप उभा होता. केस बारीक कापलेले, त्यामुळं लहान दिसत होता. स्वातीशी बोलून झाल्यावर त्यानं मंगळीला पुढं बोलावलं.

"भावजी काय बोल्ले?"

"काय नाय बोल्ले."

"माझ्यावर राग हाय अजून?"

मंगळीनं जाळीत बोटं अडकवली. मागं गर्दी होती, सगळे एकाच वेळी ओरडून बोलत होते, म्हणून तिलाही आवाज चढवावा लागला. "तू बोल्लास ते लहानूसाठी बोल्लास. चांगला केलास. रखमा तुला दुवा देते. सुकाचं तू केलंस ते केलंस. ते कशानं भरून येनार, मना सांग. मना तर नाय दिसत."

"बाय, मी जेलमधी हाय," प्रदीप म्हणाला. "आजून काय करू?"

"काय नको करू," ती म्हणाली. "तुला डाळीत मीठ कमी लागतं, ते इथं देतात का तसं?"

तो रडायला लागला. शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. मंगळी बाजूला झाली. पदरानं हात पुसून ती स्वातीला शोधू लागली, कारण परतीची गाडी चुकली असती तर दुसऱ्या दिवशीची तिची कंपनीतली पाळी बुडणार होती.